अध्यक्षांचा शड्डू

भाषण संपवून पक्षाध्यक्ष कुस्तीच्या आखाड्यातल्या तांबड्या मातीत उतरले, कॅमेऱ्यांसमोर त्यांनी शड्डू ठोकला, आणि पहिल्या रांगेत पंचाहत्तरीच्या दौलू वस्तादांनी सदरा काढला.

या मैदानात शड्डू ऐकून बसून राहायची रीत नव्हती. तरी वस्ताद दोनदा बसले होते. याआधी दोन पक्षांची राष्ट्रीय अधिवेशनं इथंच भरली, दोन्ही अध्यक्षांनी शड्डू ठोकले, आणि दोन्ही वेळा बायकोनं वस्तादांचा सदरा धरून ठेवला. “बसा की हो, फोटोसाठी असतंय ते.”

ती गेल्या श्रावणात वारली.

वस्तादांनी मातीत उतरून अध्यक्षांचं मनगट धरलं. अध्यक्ष कळवळले, “आजोबा, सोडा! फोटोसाठी होतं हे!”

“आमची मंडळीबी हेच म्हणायची,” म्हणत वस्तादांनी हात सोडला, आणि सदरा घालून ते रिकाम्या खुर्चीशेजारी जाऊन बसले.