चेहऱ्यांची चाचणी

"डॉक्टरबाई, मी जुईसमोर आले की नुसतं खाकरा हो," कुसुम तांडेल कळवळून म्हणाली. "एवढंही नाही का करता येणार?"

मेंदू-मानसतज्ज्ञ शाल्मली वर्तक यांनी नकारार्थी मान हलवली. परीक्षकाने खूण केली, तर चाचणीच रद्द होणार होती. आणि कुसुम चुकली, तर जुईची रवानगी सरकारी बालगृहात.

जुईला जन्मापासून चेहरे ओळखता येत नव्हते. गेल्या महिन्यात कुसुमने आपल्या मेंदूतली ती शक्ती काढून लेकीला दिली. आता आरशातली बाई कोण, हेही तिला उमगत नसे. पोटच्या पोरीला आपण कशीही ओळखू, हा तिचा भरवसा. पण मुलाला ओळखू न शकणाऱ्या एकट्या आईकडे मूल ठेवायला कायदा तयार नव्हता.

पलीकडच्या खोलीत सारख्याच उंचीच्या पाच मुली उभ्या होत्या. केस टोप्यांखाली झाकलेले, अंगात एकसारखे झगे. बोलायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. दारातून येणारा आईचा चेहरा जुईने लांबूनच ओळखला आणि तिचे डोळे भरून आले.

कुसुम एकेकीपाशी थांबत पुढे सरकली. शेवटची मुलगी किंचित हसली, तसा कुसुमने तिचा हात घट्ट धरला.

"हीच माझी जुई! बघा, कशी हसली मला बघून!"

वर्तकबाईंनी नोंद करायला पेन उघडले.

सुटकेच्या आनंदात कुसुमची नजर शेजारच्या मुलीकडे गेली. ती मायेने तिच्यापुढे वाकली.

"का गं रडतेस, बाय? तुझी आई नाही आली अजून?"