चुगलखोर

अंगात ताप घेऊन वर्षाली नालवाडीच्या घरातून कंपनीचं काम करत होती. माऊस पाच मिनिटं थांबला, की कॉम्प्युटरमध्ये लपलेला प्रोग्राम साहेबांकडे चुगली करायचा. आणखी एक चुगली, की नोकरी गेलीच. तिने टास्क मॅनेजर उघडला, यादीतला चुगलखोर शोधला आणि ‘एंड टास्क’ दाबलं. तो गेला आणि क्षणात पुन्हा यादीत येऊन बसला. पाचव्यांदा तिने हात टेकले. “काऊन रडून राह्यली वं?” सासूने विचारलं. सगळं ऐकून म्हणाली, “एवढंच ना? तू पड जराशी. मी हालवतो त्याले.” वर्षालीला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सासू जात्यासारखा माऊस गरगर फिरवत होती. पडद्यावर साहेबांचा निरोप होता: ‘आज एक मिनिटही थांबला नाहीत. शाब्बास!’ मनगट चोळत सासू म्हणाली, “इतकं दळलं, पन पीठ कुठी पडते?”