शर्यतीतली कॉलर

सिनेमा सुरू व्हायला अर्धा तास होता. उजेड अजून पुरता गेला नव्हता. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या त्या ड्राइव्ह-इनच्या, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा पाहायच्या मैदानात ऐंशीएक गाड्या पडद्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पडद्याखाली माईक घेऊन उभे असलेले मर्ल हॅकेट प्रत्येक गाडीच्या रेडिओतून बोलत होते. दर उन्हाळ्यात तिथे बंडखोर पोरांचा एखादा जुना सिनेमा लागतो, आणि तो ज्याच्या सर्वांत आवडीचा असेल त्याने आधी चार शब्द बोलायचे, असा रिवाज. मर्ल निवृत्त मुख्याध्यापक. चार शब्दांत आटपणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"हा सिनेमा मी सतराव्या वर्षी अकरा वेळा पाहिला. गाड्यांच्या शर्यतीत त्या हिरोने कॉलर वर करून गाडी अशी काही वळवली, की दुसऱ्या दिवशी मीही कॉलर वर करून शाळेत! दोन दिवस घरी बसवलं मला. त्याचा अजून अभिमान आहे."

आयडा टॉलिव्हरने पिकअपचं दार उघडलं.

"आजी, नको ना," नात टेस म्हणाली. "लोक हसतात गं."

हसतच होते. त्या शर्यतीत हिरोच्या जागी आपण गाडी चालवली, हे आयडा पासष्ट वर्षं सांगत होती आणि गाव पासष्ट वर्षं "हो का?" म्हणत होतं. सिनेमाच्या नामावलीत तिचं नाव कुठेच नव्हतं. आता वय सत्त्याऐंशी. आज नाही पटलं तर थापाडी म्हणूनच मरायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काठी टेकत ती गेली आणि मर्लच्या हातातून सरळ माईक काढून घेतला.

"हिरोला गाडी येतच नव्हती. मी चालवली. केस कंबरेपर्यंत होते माझे. दिग्दर्शक म्हणाला, काप. मी म्हटलं, शनिवारी लग्न आहे माझं, केसाला हात लावायचा नाही. मग कॉलर वर करून अंबाडा आत दडवला."

"आयडाबाई, पुरावा काय?" मर्लनी विचारलं. शेवटी मास्तरच ते.

"अकरा वेळा पाहिलायस ना? मग सांग, शर्यत सोडून आणखी कुठे त्या पोराची कॉलर वर आहे?"

मर्लनी डोळे मिटले. "बापाशी भांडतो तेव्हा... नाही. पोलीस चौकीत... नाही. नाचात..." सगळ्या गाड्यांतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग त्यांनी डोळे उघडले.

"कुठेच नाही. म्हणजे मी दोन दिवस घरी बसलो, ते तुमच्या अंबाड्यापायी?"

"चांगल्या कामासाठी बसलास," आयडा म्हणाली. "लग्नात फार छान दिसत होते मी."

ती पिकअपमध्ये येऊन बसली. स्टिअरिंगमागे बसलेल्या टेसने रेडिओचा आवाज वाढवला.

अंधार पडला. जुन्या सिनेमात नावं आधी येतात. हिरो, हिरॉइन, संगीत, अगदी कपडे शिवणाऱ्याचंही नाव येऊन गेलं. शेवटचं नाव विझायच्या आत रेडिओतून मुख्याध्यापकांचा हजेरी घेणारा खणखणीत आवाज आला.

"गाडी चालवली, आयडा टॉलिव्हर."

ड्राइव्ह-इनमध्ये टाळ्या ऐकू जात नाहीत, म्हणून हॉर्न वाजवतात. पहिला टेसने वाजवला, आणि हात काही उचलला नाही. मग शेजारची गाडी, मग तिच्या पलीकडची. सिनेमातला पहिला संवाद कुणालाच ऐकू आला नाही.