जलरंगातली बरणी

"जरा उजेडात आणा," बाई म्हणाल्या, आणि रखवालदाराने बरणी नाइलाजाने खिडकीपाशी आणली.

बाई चित्रकार. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी संग्रहालयातली जुनी नक्षीदार चिनी मातीची बरणी जलरंगात उतरवली होती, पुढून आणि मागून. आता चित्र आणि बरणी शेजारी शेजारी मांडायची, म्हणून नव्या साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

पण ही बरणी ती नव्हतीच. नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात, पुसता पुसता, खरी बरणी रखवालदाराच्या हातून निसटली होती. घाबरलेल्या माणसाला अक्कल कुठली? तुकडे त्याने थेट तळ्यात टाकले आणि मग कुंभार मेहुण्याचे पाय धरले.

"भावजी, तुकडे तरी ठेवायचे होते! आता नमुना कुठून आणू?"

नमुना म्हणून संग्रहालयातच बाईंचं हे चित्र सापडलं. अकरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आज लागला तर नोकरी जाणार, वर मेहुण्याच्या हातात बेड्या.

बाईंनी चष्मा चढवला. त्यांचं लक्ष बरणीवरून हटावं म्हणून रखवालदार घाईने बोलला, "बाई, ही चकाकी बघा ना. रंग नाहीच तिथे, नुसता कोरा कागद सोडलाय. आणि हा निळा कडेला कसा अलगद विरलाय!"

यात खोटं काही नव्हतं. त्या चित्रासमोर तो जितका बसला होता, तितका बायकोसमोरही बसला नसेल.

"नजर आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि बरणीकडेच वळल्या.

एकदा बरणी, एकदा चित्र. मग बरणी फिरवून मागची बाजू. रखवालदाराचा सदरा पाठीला चिकटला.

"पानन्‌पान जुळतंय," त्या पुटपुटल्या. "अगदी तंतोतंत."

रखवालदाराचा जीव भांड्यात पडला.

"मग पाटी लिहायला हरकत नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या गुरुजींची एक शिस्त होती, साहेब. चित्रावरून कुणी नक्कल केली तर ओळखता यावी, म्हणून प्रत्येक चित्रात एक चूक मुद्दाम करायची." बाईंनी बरणीवरच्या पानांत बसलेल्या इवल्याशा पक्ष्यावर बोट ठेवलं. "खऱ्या बरणीवर हा पक्षी नव्हता."