चारही पट्टे
दुपारी वडिलांचा डोळा लागताच धाकटीने त्यांची डोंगरवाटांवर पळवायची छोटी उघडी चारचाकी फळ्यांवरून पिकअपच्या हौद्यात चढवली. गेल्या महिन्यात ते दोनदा गाडीसकट उलटले होते, तरी कुणाचं ऐकेनात; म्हणून हा चोरटा घाट. पट्टे बांधताना तिची बोटं चुकत होती, नजर सारखी दाराकडे जात होती. आणि दारात तेच उभे! आता काही खरं नाही. काठी टेकत ते आले, पट्टा ओढून पाहिला. “असं बांधतात होय? पहिल्याच वळणाला खाली येईल.” “बाबा, मी...” “सरक.” चारही पट्टे सोडून त्यांनी स्वतःच पुन्हा करकचून आवळले. धापा टाकतच विचारलं, “कुठे नेतेस?” “विकायला.” तिला खोटं बोलवेना. ते पिकअपचं दार उघडून आत बसले. “चल. घेणाऱ्याला चालवून दाखवायला कुणीतरी जाणकार नको का?”