अर्धा किलो डावीकडे

छटाक तीन आठवड्यांत ठणठणीत बरा झाला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण आत्ता तो दुकानाच्या फरशीवर पालथा पडलाय आणि त्याच्या नाकासमोर वीस किलोचं लोखंडी वजन आहे. वजनाला काहीही झालेलं नाही.

दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. छटाक हे नाव बाबांनी ठेवलेलं. जन्मला तेव्हा ते शोभायचं, आता तो ब्याऐंशी किलो भरतो. दुकानातल्याच काट्यावर, म्हणजे वादाला जागा नाही. बाबांचा नियम एकच होता: वजनापुढे वाकायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं, मग उचलायचं. छटाक घाईत वाकला. कमरेत कट्कन आवाज झाला आणि डाव्या कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली.

बाबांनीही तरुणपणी एकदा असंच केलं होतं. हा नियम त्यांना सापडला तो असा. तेव्हापासून दुसऱ्यांचे काटे मध्यावर आणणारा हा माणूस स्वतः मात्र अर्धा किलो डावीकडे झुकून चालायचा. लहानपणी छटाक त्यांच्या चालीची नक्कल करायचा. घर हसायचं. बाबा स्टुलावर बसून सूचना द्यायचे, "खांदा अजून खाली घे. हां, आता पाय ओढ." दुखतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नक्कल फारच चांगली व्हायची.

तासाभराने छटाक काउंटरला धरून उभा राहिला आणि जिना चढू लागला. घर दुकानाच्या वरच. सतरा लाकडी पायऱ्या. उजवा पाय टक्, डावा सर्रर्र. सातव्या पायरीवर वीज पुन्हा आली आणि तो थांबला. बाबाही सातव्या पायरीवर थांबून चष्मा पुसायचे. त्यांना स्वच्छतेची फार आवड आहे, असा घरात समज होता. छटाकला चष्मा नव्हता. त्याने घड्याळ पुसलं.

वरून आईचा आवाज आला, "आलात? चहा टाकलाय."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात कुणालाच अहो-जाहो झालेलं नव्हतं.

"आई, मी आहे," असं म्हणायला छटाकने तोंड उघडलं. पण आई ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच. तो खुर्चीत तिरका बसला. चहा बिनसाखरेचा होता, बाबांचा. आईने पाठमोरी राहूनच सांगितलं, की समोरच्या शिंपिणीच्या मुलीचं जमलं, आणि छटाक हल्ली नीट जेवत नाही. छटाकने हुंकार भरला. रात्री जेवायला वाढताना ती सरळ म्हणाली, "छटाक, वाटी पुढे कर."

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, आईला मी बाबा वाटतोय."

"तुझं तोंड बघून?"

"नाही गं. जिन्यावरच्या पावलांवरून."

"मग जिन्यावरून नीट चाल ना. आणि उद्या तिला तारीख विचारून बघ."

सकाळी त्याने तारीख विचारली. आईने तारीख सांगितली, वार सांगितला, सिलिंडर कधी लावला ते सांगितलं आणि वर विचारलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" संध्याकाळी सातव्या पायरीनंतर पुन्हा तेच. "आलात?"

छटाकचा धीर सुटला. बाबा गेले ते गेले, आता आईही थोडी थोडी निघालीय, असं त्याला वाटू लागलं. जाताना ती जिन्याचा रस्ता धरतेय आणि तो रस्ता आपणच तिला रोज वाजवून दाखवतोय. म्हणजे चाल सुधारली की आई परत येईल. हिशोब साधा होता.

व्यायामोपचारवाल्या बाईंनी सांगितलं, "नस दबलीय. पालथं झोपून छाती वर उचलायची, दिवसातून दहादा." तो वीसदा उचलायचा. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना काउंटरमागे पालथा पडून उचलायचा. एका गिऱ्हाइकाने फक्त डोकं वर येताना आणि खाली जाताना पाहिलं आणि काटा तिथेच सोडून ते निघून गेलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो सतराच्या सतरा पायऱ्या न थांबता चढला. टक्, टक्, टक्. वरून आवाज आला नाही. आई ओट्यापाशी उभी होती. गॅस बंद होता. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तू होय," ती म्हणाली. "बस. साखर घालून करते."

छटाकने खिडकीत जाऊन ताईला हळूच कळवलं, की आई बरी झाली.

शेवटच्या तपासणीला आईही सोबत आली. बाईंनी त्याला पुढे-मागे चालवलं, शाबासकी दिली आणि एक फॉर्म दिला. त्याने आपल्या रकान्यात 'समाधानी' असं लिहिलं. खाली नातेवाइकांच्या अभिप्रायाला चार ओळींची जागा होती. आईने पेन मागून घेतलं. आई सेवेबद्दल दोन बरे शब्द लिहील, म्हणून तो निवांत उभा राहिला. तिने चारही ओळी भरल्या, खाली सही केली आणि फॉर्म खिडकीत सरकवायला त्याच्या हातात दिला. त्याने वाचला.

"उपचार उत्तम. मुलाची कंबर सरळ झाली, आभारी आहे. जिन्यावरून येणारा तोच आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरी आपल्याकडे तशी सोय असल्यास, त्याला अजिबात न दुखता, आठवड्यातून एकदा, फक्त सतरा पायऱ्यांपुरती, आधीची चाल परत मिळावी, ही नम्र विनंती."