शेवटच्या डब्यातलं निशाण

भर दुपारी रुकडी स्टेशनात जोतीराम ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. शेवटच्या डब्यातून गार्डाचं हिरवं निशाण हलत होतं, म्हणून त्यानं गाडी काढली. लगेच आरडाओरडा झाला. चढणारी एक बाई पायरीवरून निसटून डब्याखाली गेली होती. त्यानं करकचून ब्रेक लावला.

मास्तरांच्या खोलीतून गार्ड धावत इंजिनापाशी आला.

"जोतीराम, निशाण कुणी दिलं रं तुला?"

"तुम्हीच की, गार्डसाहेब."

"माझं निशाण ह्ये बघ, काखंत हाय. माझ्या डब्यात कोण न्हाय."

दोघांनी मागं पाहिलं. निशाण हलतच होतं, आता चिडल्यासारखं, जोरजोरात. खाली माणसं बाईला अजून बाहेर ओढत होती.

ब्रेक लावलेलाच होता. जोतीरामनं भीतीनं दोन्ही हात मागं घेतले.

तरी गाडी हलली.